आधी पातळी, मग पेरणी, मग कर्ज: प्रकल्प नोंदी

४ जून

कामाला आजपासून रीतसर सुरुवात. शेतकरी गटांसाठी एक वही तयार करायची आहे. तिच्या डाव्या पानावर पाण्याचा जमाखर्च आणि उजव्या पानावर पैशाचा. दोन्ही हिशेब वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळी माणसं ठेवतात. पाण्याचा अंदाज भूजलवाल्यांकडे, कर्जाचा हिशेब बँकेकडे, आणि पेरणीचा निर्णय ज्याच्या डोक्यावर पडतो त्याच्या हातात दोन्ही एकत्र कधीच येत नाहीत. पुढच्या सगळ्या अडचणी इथूनच सुरू होतात असं मला वाटतं.

पहिला नियम ठरला: पाण्याचं एकक एकच ठेवायचं. पाऊस मिलिमीटरमध्ये, विहीर मीटरमध्ये, पंप तासांत आणि टाकी लिटरमध्ये मोजली की बेरीजच होत नाही. सगळं घनमीटरमध्ये आणायचं. १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १० घनमीटर, म्हणजे १०,००० लिटर. एवढी एक ओळ पाठ झाली की निम्मी वही कोणालाही वाचता येते.

पैशाच्या पानावर मुद्दाम कुठलंही चलन घातलेलं नाही. सरासरी वर्षाचं उत्पन्न १०० धरायचं आणि बाकी सगळं त्याच्या प्रमाणात. प्रत्येक गट आपापले आकडे घालेल.

११ जून

विहिरीची पातळी मोजण्याचा सराव. महागडी यंत्रं आहेत, पण गटाच्या हातात टिकेल अशी पद्धत हवी होती, म्हणून स्टीलची टेप आणि खडू. टेपच्या टोकाचा मीटरभर भाग खडूने पांढरा करायचा, वजन बांधून खाली सोडायचा, टोक पाण्यात बुडालं की काठावर पूर्ण मीटरची खूण धरायची, मग टेप वर ओढायची. जिथपर्यंत खडू ओला होऊन गडद झाला तो आकडा काठावरच्या आकड्यातून वजा. आज काठावर १४ मीटर धरली होती, ओल ०.३८ मीटरपर्यंत होती, पातळी १३.६२ मीटर खोल. काठावर मोजायची जागा तेलरंगाने कायमची आखून घेतली, नाहीतर दर वेळी दगड बदलतो आणि दहा-पंधरा सेंटिमीटरचा घोळ होतो.

पंप नुकताच बंद केला असेल तर वाचन निरुपयोगी. पाणी वर चढत असतं. विहिरीला रात्रभर उसंत द्यायची आणि पहाटे मोजायचं.

गटातल्या एका काकांनी विचारलं, "पातळी एक मीटर वर आली म्हणजे पाणी किती वाढलं ते सांगा, मीटरचं मी काय करू?" प्रश्न अगदी बरोबर आहे. उत्तर जमिनीखालच्या थरावर अवलंबून असतं. कठीण खडकात, जिथे थरातून सुटून येणारं पाणी आकारमानाच्या जेमतेम २ टक्के असतं, तिथे एक मीटरची वाढ म्हणजे २० मिलिमीटर पाणी, हेक्टरी २०० घनमीटर. वाळूच्या थरात हेच प्रमाण २० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं, म्हणजे त्याच एका मीटरला हेक्टरी २,००० घनमीटर. टेपवर दोन्हीकडे एकच मीटर दिसतो आणि पाण्यात दहापट फरक. वहीच्या पहिल्या रकान्यात म्हणूनच खोलीआधी थराचा प्रकार येईल.

१९ जून

पिकांच्या गरजेचं पान. पाया जुना आणि भक्कम आहे: संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची १९९८ ची पद्धत. हवामानावरून संदर्भ बाष्पोत्सर्जन (माती आणि पानांतून मिळून हवेत जाणारं पाणी, एका ठरावीक गवतासाठी मोजलेलं) काढायचं आणि त्याला पिकाच्या वाढीनुसार बदलणाऱ्या गुणांकाने गुणायचं. मक्यासाठी हा गुणांक सुरुवातीला ०.३ च्या आसपास, भर वाढीत १.२०. म्हणजे त्याच उन्हात, त्याच शेतात, पाण्याची भूक चौपट होते. "आठवड्याला पाण्याची एक पाळी" असा सरसकट नियम लावला की रोपं लहान असताना पाणी वाया जातं आणि तुरा आल्यावर कमी पडतं.

माझ्या लेखी त्याहून महत्त्वाचं पान १९७९ चं आहे. पाणी कमी पडलं तर उत्पादन किती घटेल, याचा त्याच संघटनेने दिलेला साधा संबंध. पाण्यातली तूट प्रतिसाद गुणांकाने गुणली की उत्पादनातली घट मिळते. पूर्ण हंगामासाठी मक्याचा हा गुणांक १.२५, उसाचा १.२०, ज्वारीचा ०.९०, कापसाचा ०.८५, भुईमुगाचा ०.७०. पिकाला मिळणाऱ्या पाण्यात २० टक्के तूट आली तर मक्याचं उत्पादन २५ टक्क्यांनी घटतं, कापसाचं १७ आणि भुईमुगाचं १४ टक्क्यांनी. गुणांक एकाच्या वर असेल तर नुकसान पाण्याच्या तुटीपेक्षा मोठं.

मक्याच्या अवस्थांचे गुणांक वेगळे दिलेत ते तर भिंतीवर लावावेत असे: सुरुवातीच्या वाढीत ०.४, फुलोऱ्यात १.५, दाणे भरताना ०.५, पक्व होताना ०.२. पाणी कमी असेल तर ते कुठे कापायचं हे यात स्वच्छ लिहिलेलं आहे. फुलोऱ्याच्या पाळीला हात लावायचा नाही.

२७ जून

उपशाचा खर्च. एक घनमीटर पाणी एक मीटर उचलायला ०.००२७२५ युनिट वीज लागते, हे भौतिकशास्त्र; त्यात घासाघीस होत नाही. पंप, मोटर आणि पाइप मिळून कार्यक्षमता ४० टक्के धरली, तर हेक्टरी ४,००० घनमीटर पाणी ३० मीटरवरून उचलायला सुमारे ८१८ युनिट. पातळी ४५ मीटरवर गेली की तेवढ्याच पाण्याला सुमारे १,२२६ युनिट. पीक तेच, पाणी तेवढंच आणि वीज दीडपट.

जिथे विजेचं बिल पंपाच्या अश्वशक्तीवर ठरतं, तिथे हा वाढीव भार शेतकऱ्याला दिसतच नाही. तो वीज कंपनीच्या किंवा सरकारच्या वहीत जातो. सौर पंपावर तर पंप बसल्यानंतर पुढच्या प्रत्येक घनमीटरचा खर्च जवळपास शून्य. सौर पंप मला हवेच आहेत, दिवसा खात्रीचं पाणी ही मोठी गोष्ट आहे. पण पंपाला कर्ज देताना उपशाचं मीटर आणि मर्यादा सोबत नसेल, तर थांबण्याचं एकही कारण उरत नाही. वहीत सौर पंपाच्या पानावर मीटरचा रकाना सक्तीचा केला.

८ जुलै

आजचा दिवस पैशाच्या पानाचा, आणि मला वाटतं प्रकल्पाचा गाभा इथे सापडला.

नमुना शेत घेतलं, सगळं ओलिताखाली, एकच पीक मका. सरासरी वर्षात उत्पन्न १००, शेतीचा खर्च ६०, घरखर्च १५. हाती उरले २५. बँकेने हप्ता २० ठरवला. २५ भागिले २० म्हणजे १.२५, हप्त्याच्या सव्वापट रक्कम हाती; कागदावर हे कर्ज चांगलंच म्हणायचं.

आता पाण्यात २० टक्के तूट आणा. सगळं क्षेत्र पेरून झालेलं आहे, बी, खत, मजुरी जमिनीत गेलेली आहे. उत्पादन २५ टक्क्यांनी घटलं, उत्पन्न ७५. काढणीची थोडी मजुरी वाचली म्हणून खर्च ५८. घरखर्च १५ तसाच. हाती उरले २. पाण्यात पाचव्या हिश्शाची तूट आली आणि परतफेडीची ताकद २५ वरून २ वर कोसळली. पाऊस थोडा कमी झाला तर शेतकरी इतका का अडचणीत येतो, असं विचारणाऱ्याला हे गणित दाखवावं. खर्च आणि घर दोन्ही खालून पक्के असतात, वरचा थर तेवढा खरवडला जातो, आणि हप्ता त्याच थरातून जायचा असतो.

मग तिसरी मांडणी केली. तूट तेवढीच, पण ती पेरणीआधी कळली. शेतकऱ्याने ८० टक्केच क्षेत्र पेरलं आणि त्याला पूर्ण पाणी दिलं. उत्पन्न ८०. खर्चातले १२ पक्के धरले, उरलेले ४८ क्षेत्राप्रमाणे ३८.४ वर आले, एकूण ५०.४. घरखर्च वजा जाता उरले १४.६. मोकळ्या राहिलेल्या जमिनीत कमी पाण्याचं काही घेतलं तर ते वरकड.

२ आणि १४.६ यांतला फरक एका वाचनाचा आहे. ते वाचन पेरणीआधी झालं की नंतर, एवढाच. नवीन बियाणं, नवीन यंत्र, नवीन योजना यांपैकी काहीही यात आलेलं नाही. आणि नेमकं उलट चालतं: कर्ज आधी मंजूर होतं, क्षेत्र कर्जाच्या कागदावर आधी लिहिलं जातं, पेरणी त्या क्षेत्राची होते आणि पातळी हंगामाच्या मध्यावर, विहीर तळ गाठायला लागल्यावर बघितली जाते. आमच्या वहीचं काम हा क्रम फिरवणं आहे. पाऊस संपला की पातळी, त्यावरून पाण्याचा ताळेबंद, त्यावरून पेरणीचं क्षेत्र, आणि मग कर्जाचा आकडा.

हिशेब बघणाऱ्या सहकारी बाईंनी आक्षेप घेतला: तुटीच्या वर्षी भाव वाढतात, ते धरायला हवं. धरलेलं नाही. भाव वाढेलही, पण तो बाहेरच्या पिकावर ठरतो; परतफेड त्या आशेवर टाकायची माझी तयारी नाही.

१५ जुलै

ठिबकच्या शेतात पेल्यांची चाचणी. ओळीच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी ड्रिपरखाली (थेंब सोडणाऱ्या तोंडांखाली) सारखे पेले ठेवले, ठरावीक वेळ पाणी सोडलं आणि प्रत्येक पेला मोजपात्रात ओतून आकडे लिहिले. सुरुवातीचे पेले भरले होते, शेवटच्या ओळीतल्या काहींचा तळ जेमतेम ओला. सर्वांत कमी भरलेल्या चौथ्या हिश्शाच्या पेल्यांची सरासरी भागिले सगळ्यांची सरासरी, म्हणजे वाटपाचा समानपणा. ०.७० आला. त्या कोरड्या टोकाला पुरेसं पाणी पोचवायचं तर सगळ्या शेताला १.४३ पट पाणी सोडावं लागतं, आणि इथे तेच चाललं होतं.

फिल्टर उघडून बॅकवॉश केला, म्हणजे उलट्या दिशेने पाणी सोडून धुतला, लॅटरलची (ओळीतल्या बारीक नळ्यांची) टोकं सोडून पाणी धो-धो जाऊ दिलं. आधी तपकिरी गाळ आला, मग शेवाळाचे तंतू, मग स्वच्छ धार. शेतकरी नव्या संचासाठी कर्ज मागत होता. त्याला आधी ही सफाई नियमित करायला सांगितली आणि महिन्याने पुन्हा पेले लावायचं ठरलं.

१८ जुलै

ठिबकवरून पुढचा विचार, जरा लांब लिहितो, कारण इथे बहुतेक आराखडे घसरतात.

पाण्याची "बचत" दोन प्रकारची. ओल्या उघड्या मातीवरून उडून जाणारं पाणी वाचलं तर ती खरी बचत. पण पाटपाण्यातून खाली झिरपणारं पाणी थांबवलं, तर ते बहुतेक वेळा शेजारच्या विहिरीत जाणारं पाणी असतं. आपल्या शेतात बचत दिसते, खालच्या शेतात विहीर आटते. चार्ल्स थाइस या अमेरिकन भूजलशास्त्रज्ञाने १९४० मध्येच मांडलं होतं की विहिरीतून काढलेलं प्रत्येक पाणी कुठून तरी कमी झालेलं असतं: साठ्यातून, झऱ्यातून, नदीतून.

दुसरी गोष्ट माणसाच्या स्वभावाची. कमी पाण्यात काम होतं म्हटल्यावर शेतकरी क्षेत्र वाढवतो किंवा जास्त पाण्याचं पीक घेतो. यात त्याचा दोष नाही, त्याच्यासाठी ते शहाणपणाचंच आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात सिंचनाची जास्त कार्यक्षम फवारणी यंत्रणा आल्यावर भूजलाचा उपसा वाढला, असं २०१४ च्या एका अभ्यासात दिसलं.

म्हणून वहीत "बचत" हा एक रकाना ठेवलेला नाही. दोन आहेत: "हवेत जाणं थांबलं" आणि "खाली जाणं थांबलं". ठिबकच्या कर्जासोबत ओलिताच्या क्षेत्राची मर्यादा लिहायची. ठिबकचे फायदे खरे आहेत, मजुरी वाचते, खत मुळाशी जातं, उत्पादन सुधारतं. कर्ज त्यावर द्यावं. गावाचं पाणी वाचेल या कारणावर द्यायचं तर मर्यादेशिवाय देऊ नये.

२ ऑगस्ट

खारं पाणी असलेल्या गटांसाठी छोटी पुरवणी. क्षार मुळांखाली ढकलायला थोडं जादा पाणी लागतंच. पाण्याची विद्युतवाहकता (त्यावरून क्षार किती ते कळतं) १ आणि मक्याची जमिनीतल्या क्षारांची सहनमर्यादा १.७ धरली (दोन्ही डेसिसीमेन्स प्रति मीटर), तर हे जादा पाणी सुमारे १३ टक्के. याला वाया गेलेलं म्हणायचं नाही. ताळेबंदात वेगळी ओळ दिली.

१४ ऑगस्ट

वाटपाचे नियम. दोन उदाहरणं समोर ठेवली.

पहिलं पाणी पंचायतीचं. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावला हे काम उभं केलं. पाण्याचा हक्क जमिनीवर न ठेवता माणशी ठेवला: माणशी अर्धा एकर ओलित, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनांनाही वाटा. ऊस नाही. आणि योजनेच्या खर्चातला २० टक्के वाटा सभासदांनी आधी भरायचा. पाण्याचा नियम आणि पैशाचा नियम एकाच ठरावात बसवलेला आहे, हे मला त्यातलं सर्वांत मोठं वाटतं. ऊस नको म्हणणं हा पाण्याचा निर्णय होता तसाच कर्जाचाही होता.

दुसरं कॅन्ससच्याच वायव्य भागातलं, ओगालाला जलधरावरचं (जमिनीखालच्या पाणी धरणाऱ्या थरावरचं) शेरिडन ६ क्षेत्र. तिथल्या शेतकऱ्यांनी २०१३ पासून स्वतःवर मर्यादा घालून घेतली: पाच वर्षांत मिळून ५५ इंच, म्हणजे सुमारे १,४०० मिलिमीटर. वर्षाला सरासरी २८० पडतात, पण कोरड्या वर्षी जास्त आणि ओल्या वर्षी कमी वापरायची मोकळीक. पाण्याचा वापर जवळपास चौथ्या हिश्शाने घटला आणि मुदत संपल्यावर मर्यादा पुढे चालू ठेवली गेली.

पाच वर्षांची मर्यादा आम्ही उचलतो आहोत, एका फरकाने. तिथे थर खोल आणि साठा मोठा, म्हणून पाच वर्षांची उसनवारी चालते. कठीण खडकात साठा एका हंगामापुरताच. गेल्या वर्षी न वापरलेलं पाणी यंदा विहिरीत असेलच असं नाही. तिथे मर्यादा दरवर्षीच्या वाचनावरच ठरायला हवी. वहीत थराचा प्रकार पहिल्या रकान्यात घेतला त्याचा इथे उपयोग झाला.

२९ ऑगस्ट

विमा आणि हमी. पर्जन्यमापकाच्या आकड्यावर भरपाई देणारा विमा झटपट मिळतो, पंचनामा लागत नाही, पण मापकाजवळ पाऊस पडला आणि शेतात नाही पडला तर हाती काहीच येत नाही. ओलिताच्या शेतकऱ्याला तर मापकापेक्षा विहीर जास्त खरं सांगते.

गटाच्या सामूहिक हमीबद्दलही स्पष्ट लिहायला हवं. एकाचा बैल गेला, एकाच्या घरी आजारपण आलं, तर बाकीचे सांभाळतात. पण पाणी कमी पडतं तेव्हा सगळ्यांच्याच विहिरी खाली जातात, आणि हमी देणारा आणि घेणारा एकाच दिवशी रिकामे होतात. तुटीच्या वर्षाची तरतूद म्हणूनच गटाबाहेर हवी: बँकेच्या राखीव निधीत किंवा विम्यात. गटाचा स्वतःचा निधी पंप दुरुस्ती आणि मोटर जळण्यासाठी राखून ठेवायचा, तिथे हात घालायचा नाही.

१७ सप्टेंबर

बँकेच्या कर्ज अधिकाऱ्यांसोबत बैठक. पातळीशी जोडलेला हप्ता मांडला. पेरणीआधी ठरलेल्या दिवशी वाचन. पातळी नेहमीच्या पट्ट्यात असेल तर हप्ता २०, खालच्या पट्ट्यात १२, अगदी तळाला असेल तर फक्त व्याज, आणि चांगल्या वर्षी २६. राहिलेलं मुद्दल पुढे सरकतं, त्यावर व्याज चालू राहतं. हे शेतकऱ्यांना आधीच सांगितलं होतं, फुकट काही मिळत नाही.

खालच्या पट्ट्याला १२ का? कमी क्षेत्र पेरलेल्या शेताकडे १४.६ उरतात म्हणून. २० मागितले तर थकबाकी, मग पुनर्गठन, मग पुढच्या हंगामात कर्ज बंद आणि सावकाराचं दार. वेळेवर आलेले १२ बँकेलाही परवडतात.

अधिकाऱ्यांचा पहिला प्रश्न: "पातळी मोजणार कोण? वाचनाच्या आदल्या रात्री पंप चालवला तर?" चांगला प्रश्न. उत्तर असं ठरलं: वाचन कुठल्याही सभासदाच्या विहिरीवर नाही, उपसा नसलेल्या निरीक्षण विहिरींवर, एक माणूस गटाचा, एक बँकेचा, आकडा त्याच दिवशी फळ्यावर. शिवाय कमी हप्ता त्यालाच, ज्याने त्या वर्षी क्षेत्रही कमी केलं. या शेवटच्या अटीवर गटात कुरबूर झाली. एक ताई म्हणाल्या, "पाणी कमी आहे म्हणून कमी पेरायचं, हे मी आधीही करत होते. तेव्हा हप्ता कोणी कमी केला नव्हता." त्यानंतर अट मान्य झाली.

३० सप्टेंबर

वाचन झालं. पातळी खालच्या पट्ट्यात. ताळेबंद फळ्यावर मांडला: साठ्यातून आधी पिण्याचं आणि जनावरांचं पाणी वजा, मग उरलेल्यातून ओलिताचं क्षेत्र. मक्याचं क्षेत्र कमी करून काहींनी भुईमूग आणि ज्वारीकडे वळायचं ठरवलं. हप्त्याचं पत्रक १२ च्या रकान्यात निघालं.

गटाबाहेरच्या खोल बोअरवाल्यांचा प्रश्न सुटलेला नाही. त्यांनी कर्ज घेतलेलं नाही, त्यामुळे आमच्या कुठल्याच अटीत ते येत नाहीत, आणि थर मात्र तोच आहे. सभासदांनी सोडलेलं पाणी तिकडे गेलं तर पुढच्या वर्षी कोणी क्षेत्र कमी करणार नाही. हा विषय सगळ्या गावाच्या बैठकीतच घ्यावा लागेल. बोअरवाल्यांना वाचनाला बोलावलं आहे. निरीक्षण विहिरींची यादी आणि आजचे आकडे त्यांच्याकडे पोचवले. पुढचं वाचन १५ डिसेंबरला, पहाटे.